मुंबई कोणी साफ केली? तुम्ही विचारलंत म्हणून

मांडवीत प्लेगच्या खुणा दाखवत लोकांना फिरवतो, तेव्हा शेवटी कोणीतरी म्हणतंच, "काही म्हणा, मुंबई साफ केली ती इंग्रजांनीच ना?" इतकी वर्षं मी "हो, पण..." म्हणत चहाच्या टपरीकडे वळलो.

ते "पण" असं. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी इथेच प्लेग ओळखला. मग गटारांत खारं पाणी आणि जंतुनाशक कार्बोलिक ओतलं, कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला. वैरी म्हणजे घाण, असाच समज. उंदरांवरच्या पिसवांचा दोष पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवला तो 1898 मध्ये, कराचीत. तोवर घरोघर झडत्या झाल्या, माणसं उचलून नेली. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती होती. हा प्रसंग मी फार रंगवून सांगायचो.

मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी प्लेगच्या वेळचा 1897 चाच साथरोग कायदा पुन्हा लागला, तेव्हा मी चिडून पानभर लिहिलं. आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे काका रात्रभर खोकताना ऐकून, सकाळी गुपचूप मीच पालिकेला फोन केला. घरात ऐंशीची आई होती. दुसरं काय करणार होतो? (हे वाक्य मी स्वतःला खूपदा ऐकवलंय.) दुपारी गाडी आली. काकूंनी डबा पुढे केला, तो परत दिला गेला. "कधी आणाल?" त्या विचारत राहिल्या. मी पडद्याआडून बघत होतो. काका बाराव्या दिवशी सुखरूप आले. फोन कोणी केला हे काकूंना आजही ठाऊक नाही.

म्हणजे झडत्या बरोबर होत्या? नाही. पण झडतीवाल्याच्या पोटातली भीती मला आता ओळखीची वाटते, आणि ते मला मुळीच आवडत नाही. शहर सुधारायला सरकारने नेमलेल्या 1898 च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हवा-उजेडासाठी वस्त्या पाडल्या; तिथले गरीब शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबले गेले. त्याच ट्रस्टने आखलेल्या माटुंग्याच्या रुंद रस्त्यावर मी राहतो, खिडक्या उघड्या टाकून.

परवा काकू म्हणाल्या, "अरे, एकदा मलाही ने की तुझ्या त्या फेरीला." मी गुडघेदुखीची सबब काढली. त्यांच्याच गुडघ्यांची.