बांगड्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली

माझी बायको लातूरची. मटणाच्या ताटावर ती मला सहज हरवते. वजडी, पाया, मुंडी, कशाला नाही म्हणून नाही. पण मासा समोर आला की ताट सरकवायची. आणि मी मालवणजवळच्या देवबागचा. आमच्याकडे मासे का नाहीत, हे सांगायला सोमवार किंवा संकष्टी लागते.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी फुशारकीत अख्खं पापलेट आणलं. पुढे २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालं, पण आमच्या घरी त्याचा मान आधीपासूनच होता. रवा लावून तळलं, कडेला लिंबाची फोड ठेवली. ती ताटाकडे बघत म्हणाली, "हा माझ्याकडे बघतोय." डोकं काढून दिलं. मग एक घास, आणि लगेच दोन बोटं तोंडात. काटा शोधायला. पापलेटचा मधला काटा सोडला तर त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे मी तिला तासभर पटवत बसलो. तोवर मासा गार झाला होता आणि ती पिठलं टाकायला उठली होती.

खरी गोष्ट बऱ्याच दिवसांनी कळली. लहानपणी तिच्या आजोळी मांजरा नदीच्या पाण्यातला रोहू आणला होता आणि त्याचा काटा तिच्या घशात अडकला होता. भाताचे गोळे झाले, केळं झालं, रात्रभर रडारड झाली. रोहूच्या मांसात मधल्या काट्याशिवाय बारीक, दुफाट्याचे काटे विखुरलेले असतात, ते सुरीने निघत नाहीत. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाला पुष्कळदा चिखलाचा वास येतो. त्यामागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो त्यातही तेच असतं. मातीला आला की आपण खिडकी उघडतो, रश्शात आला की नाक मुरडतो. म्हणजे तिच्या डोक्यात मासा म्हणजे काटा आणि चिखल, आणि मी तिला समुद्र समजावत होतो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "तिका काट्याचा भय वाटता, माशाचा नाय. मोरी कर मगे."

मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्यात हाडं नसतात, नुसती कूर्चा. आणि आमच्याकडे ती भाजलेल्या खोबऱ्याच्या, गरम मसाल्याच्या वाटणात करतात, अगदी मटणासारखी. युक्ती बिनतोड होती, फक्त आई बसली होती मालवणात आणि मी पुण्यात. घराजवळच्या एका दुकानातून मोरीचे तुकडे आणले, कढईत टाकले आणि स्वयंपाकघरात सार्वजनिक मुतारीचा वास सुटला. शार्कच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वर आणखी आलं-लसूण घातलं. सगळं फेकलं. त्यानंतर तीन-चार महिने घरात माशाचा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती कोळंबीने. काटा नाही, आणि डोकं काढलं की डोळाही नाही. कोळंबीची ॲलर्जी असणारे लोक असतात, म्हणून पहिल्या दिवशी दोनच दिल्या आणि वाट बघितली. काही झालं नाही. पुढच्या वेळी तिने स्वतःच करायला घेतली. मटणवाल्या हाताची सवय. "नीट शिजू दे" म्हणत वीस मिनिटं ठेवली. कोळंबी चार-पाच मिनिटांत होते, त्यापुढे तिचं रबर होतं. आम्ही दोघांनी ते रबर चावत टीव्ही बघितला. पण ती हसत होती, आणि तिसऱ्या खेपेला कोळंबीभात असा जमला की खरवड कोणी खायची यावरून भांडण झालं.

वासाचं काम आगळाने, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाने केलं. समुद्रातल्या माशाचा जो 'माशाचा वास' असतो तो ताज्या माशाला जवळजवळ नसतोच. मासा मेल्यावर जीवाणू त्याच्या अंगातल्या एका द्रव्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात, तो हा वास. आंबट लागलं की तो दबतो. म्हणून आमच्याकडे मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून मासा ठेवतात, पुण्यात आगळ संपलं की लिंबू. मी लहानपणापासून हे करत आलो, पण कारण तिने विचारल्यावर शोधलं. तिला कारण लागतं. मला चव लागते.

मग सुरमई. जाड तुकडा, मधोमध एकच मोठा काटा, तो कुठे आहे ते लांबून दिसतं. पहिले काही महिने मी तुकडा तिच्यासमोर सोडवून द्यायचो. हे चुकीचं होतं असं काही लोक म्हणतील. मला नाही वाटत. घशात काटा माझ्या अडकला नव्हता.

दिवाळीत देवबागला गेलो तेव्हा आईने आधी ताजी मोरी केली. बायकोने दोनदा वाढून घेतली आणि विचारलं, "पुण्यात आपण नक्की काय शिजवलं होतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने जाळं अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. ती बघता बघता दोराला लागली. तळहात सोलले. जाळ्यात बांगडेच बांगडे, निळे-हिरवे, उड्या मारणारे. हात लावला म्हणून तिला चार मिळाले आणि ते तिने पिशवीत न घालता शेपटीला धरून घरापर्यंत आणले.

आईने त्यांचं तिखलं केलं. लाल मिरची, आमसूल आणि ठेचून घातलेली तिरफळं, म्हणजे आमच्या कोकणातलं मसाल्याचं फळ. बांगडा खायची रीत तिनेच दाखवली: वरची बाजू आधी सोडवायची, मग शेपटीकडून मधला काटा सबंध उचलायचा, खालची बाजू मोकळी होते. कडेचे बारीक काटे बोटांनी चाचपायचे आणि बांगडा तोंडात असताना बोलायचं नाही. बायको तब्बल चाळीस मिनिटं गप्प होती. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, ती अजून हात लावत नाही. बोंबील तर "हा मासा आहे की शिरा" म्हणून परत करते. मी आग्रह सोडला आहे.

तिरफळ मात्र तिला इतकं आवडलं की परवा तिने ते मटणात घातलं. आईला अजून सांगितलेलं नाही.