माशाच्या हाकेचे डेसिबल

जेमतेम १२ मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक माशाचा आवाज उड्डाण करणाऱ्या विमानाइतका मोठा असतो, अशी बातमी २०२४च्या सुरुवातीस बऱ्याच ठिकाणी झळकली होती. डॅनिओनेला सेरेब्रम हा म्यानमारच्या गोड्या पाण्यातला मासा. बर्लिनच्या संशोधकांनी त्याचा आवाज १४० डेसिबलपेक्षा जास्त मोजला होता. आकड्याबद्दल तक्रार नाही. खटकते ते विमान.

हवेतले डेसिबल २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत सांगतात, पाण्यातले १ मायक्रोपास्कलच्या. एवढ्यानेच पाण्यातला आकडा २६ने फुगतो. शिवाय पाणी हवेपेक्षा फार दाट आणि त्यातून ध्वनीही अधिक वेगाने जातो, त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेसाठी पाण्यात दाब बराच जास्त लागतो. त्यापोटी आणखी सुमारे ३६ डेसिबल वजा करावे लागतात. म्हणजे विमान राहिले बाजूला, हिशेब अठ्ठ्याहत्तरच्या आसपास येतो.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा अंतराचा आहे. ते १४० डेसिबल माशापासून एका देहलांबीवरचे, म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी अंतरावरचे आहेत, तर स्रोताची पातळी १ मीटरवर सांगण्याचा प्रघात आहे. मोकळ्या पाण्यात अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. त्या हिशेबाने १ मीटरवर पाण्यातल्याच मापात साधारण १०२ डेसिबल उरतात. छोट्या काचटाकीत तर हा नियमही नीट लागू होत नाही, कारण भिंती आणि पृष्ठभाग यांवरून परतलेला ध्वनी मूळ आवाजात मिसळतो.

खरा दणदणीत आवाज ऐकायचा तर कोलोरॅडो नदीच्या मुखाशी, कॅलिफोर्नियाच्या आखातात जावे. तेथे अंडी घालण्यासाठी लाखोंनी जमणाऱ्या गल्फ कॉर्व्हिना माशांतील नराच्या एका हाकेची पातळी १७७ डेसिबलपर्यंत भरल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हा मासा आपल्या घोळीच्या कुळातला. ज्या भोताच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या मोलामुळे घोळीला लाखांचा भाव येतो, तसाच भोत या नरांच्या पोटात असतो आणि त्याला लागून असलेले स्नायू झपाट्याने आकसून त्यावर ढोल वाजवतात.

मात्र गढूळ पाण्यात एकाच वेळी असंख्य नर ओरडत असताना कोणती हाक किती लांबून आली, हे ठरवायचे कसे? एकाहून अधिक हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, ठरावीक अंतरांवर सोडून हाक प्रत्येकाकडे पोहोचण्याच्या वेळेतील फरक पाहणे, हा एक मार्ग. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे वेळेत एक मिलिसेकंदाची गफलत झाली, तर हिशेबात दीड मीटरचा फरक पडतो. नांगरलेली होडी प्रवाहाबरोबर झुलत असेल, तर हायड्रोफोनची जागाही तेवढी सहज सरकते.

आणि एवढे करूनही आकडा कशाचा, हे लिहावेच लागते. एकाच शुद्ध स्वराची शिखर ते दरी अशी मोजलेली पातळी त्याच्या वर्गमध्यमूळ (आरएमएस, म्हणजे एका प्रकारच्या सरासरी दाबावरून काढलेल्या) पातळीपेक्षा ९ डेसिबलने जास्त भरते. दोन माशांपैकी मोठ्या आवाजाचा कोण, या वादाचा निकाल कधी कधी तेवढ्याच फरकावर लागत असतो.