सेल्फ फिरतोय, गाडी घेत नाही

साडेचार वाजले होते आणि गाडीच्या मालकीणबाई सहाला येणार होत्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हातगिअरचा बसवलेली गाडी जॅकवरून खाली उतरवलेली, बॅटरी जोडलेली, क्लचच्या लाइनमधली हवा काढलेली. मी सीटवर बसलो, नवा क्लच दाबला आणि किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला. इंजिन मात्र साधं फुरफुरलंसुद्धा नाही. पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला. तेच. आमचा पोऱ्या बॉनेटजवळ उभा होता, तो म्हणाला, "मास्तर, घेत नाहीये." जणू मला ऐकू येत नव्हतं.

गाडी होती १९८५ सालची बीएमडब्ल्यू ६३५ सीएसआय. या ६ सिरीजची पहिली पिढी १९७६ ते १९८९ निघाली. लांब नाक, बारीक खांब, मोठ्या काचा, आत ३४३० सीसीचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन. दिवसभर लांबचा पल्ला मारावा आणि उतरताना कंबर धरू नये, यासाठी बनवलेली गाडी. हिच्यात झेडएफ कंपनीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स होता, ४एचपी२२. बॉक्स तसा वाईट नाही, पण त्याची एक खोड आहे. उभ्या गाडीत, पार्क किंवा न्यूट्रलमध्ये जोरात रेस दिली की आतले क्लच जळतात. कधीतरी कुणीतरी तेच केलं असणार. ऑइल काळं पडलं होतं, त्याला करपट वास येत होता, आणि डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकल्यावर गाडी हलायला दोन सेकंद घ्यायची.

मी बॉक्स खोलून भरून द्यायला तयार होतो. बाई म्हणाल्या, "नको. मला पाच गिअरचा हातानं टाकायचा हवा. घेताना तसली मिळाली नाही, म्हणून ही घेतली. इतकी वर्षं मनात राहिलंय."

असली कामं मी सहसा घेत नाही. गाडी जशी निघाली तशीच राहावी, या मताचा मी माणूस. पण याच घराण्यातली सगळ्यांत तापट गाडी, एम ६३५ सीएसआय, फक्त हातगिअरमध्येच यायची. साध्या ६३५ लाही कंपनीनं गेट्राग या कारखान्याचा पाच गिअरचा बॉक्स दिला होता. म्हणजे लागणारा प्रत्येक भाग याच बॉडीसाठी बनलेला, कुठं कापाकापी नाही. मी एकच अट घातली: जुनं निघेल ते सगळं खोक्यात भरून तुमच्याकडे राहील, उद्या कुणाला परत फिरवायचं तर फिरवता आलं पाहिजे.

गिअरबॉक्स बदलायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गिअरबॉक्स येतो. माझ्या येतात ते पेडल. बॉक्स जड असतो, पण तो जॅकवर ठेवला की आपलं ऐकतो. पेडलचं बिऱ्हाड बदलायचं म्हणजे सीट काढून, पाय मागे टाकून, डोकं स्टिअरिंगच्या कॉलमखाली घालून उताणं पडायचं आणि दिसत नाही तो नट बोटांनी शोधायचा. माझे दीड दिवस त्यात गेले. क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेक ऑइलच्या डबीतूनच एक नळी त्याच्या सिलिंडरला जाते. ती अशा जागेतून न्यावी लागते की एक हात आत गेला की दुसऱ्याला वाट नाही.

जुना बॉक्स उतरवताना कन्व्हर्टरला जपावं लागतं. इंजिन आणि ऑटोमॅटिक बॉक्स यांच्यामधला तो ऑइलनं भरलेला डबा. त्याचे बोल्ट एका छोट्या खिडकीतून दिसतात. इंजिन थोडं फिरवायचं, एक बोल्ट काढायचा, पुन्हा फिरवायचं. कन्व्हर्टर बॉक्ससोबतच मागे आला पाहिजे. इंजिनाकडे अडकून राहिला तर नंतर सुटतो, आणि सुटतो तो पोटातल्या ऑइलसकट खाली पडलेल्याच्या छातीवर. तरुणपणी एकदा सुटला होता. तेव्हापासून बॉक्स मागे सरकवताना माझा एक हात कन्व्हर्टरवर असतोच.

मग इंजिनाच्या मागची पातळ फ्लेक्स प्लेट जाऊन तिथं फ्लायव्हील हे जाड चाक येतं, त्याचे बोल्ट वेगळे. क्रँकच्या टोकाला छोटं पायलट बेअरिंग बसवायचं. ऑटोमॅटिकमध्ये ते नसतंच, म्हणून नेमकं तेच विसरलं जातं आणि सगळं चढवून झाल्यावर आठवतं. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा तुकडा वेगळ्या लांबीचा, रबरी कपलिंग नवं. रिव्हर्सच्या दिव्याची वायर आता बॉक्सवरच्या स्विचला. ऑटोमॅटिकमध्ये पार्क-न्यूट्रलशिवाय सेल्फ लागत नाही. त्यासाठीची वायर बरेच जण नुसती जोडून मोकळे होतात. मी ती क्लच पेडलच्या स्विचमधून नेली. गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच भिंतीत गेलेली मी पाहिली आहे. स्पीडोमीटरचा मात्र काही त्रास नव्हता, त्याचा सेन्सर मागच्या डिफरन्शियलवर असतो.

इतकं सगळं करून आता ही घेत नव्हती.

स्पार्क प्लग काढून बॉडीला टेकवला, सेल्फ मारला. ठिणगी नाही. आरपीएमचा काटा शून्याला चिकटलेला. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नंतरचा. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं.

या गाडीच्या मोट्रॉनिकला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दोन कान आहेत. बेलहाऊसिंगमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या कवचात, दोन सेन्सर बसतात. एक फ्लायव्हीलच्या कडीवरचे शंभराहून जास्त दाते मोजतो, त्यातून वेग कळतो. दुसरा फ्लायव्हीलवरची एक छोटी पिन पाहतो. ती फेऱ्यात एकदाच समोरून जाते आणि पिस्टन कुठं आहे ते सांगते. दोन्ही हजर असल्याशिवाय ठिणगी नाही.

पिन. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या एका जुन्या गाडीतून आणलेल्या या फ्लायव्हीलवर पिन होती का? मी पाहिली होती का? नसेल तर शाफ्ट, बॉक्स, क्लच, सगळं पुन्हा खाली. पोऱ्या प्रत्येक गोष्टीचे मोबाइलवर फोटो काढतो आणि मी त्याला त्यावरून टोमणे मारतो. आज मीच म्हटलं, "दाखव." फ्लायव्हीलचे फोटो सात होते. सातही समोरून, क्लचच्या बाजूनं. कड एकातही नाही. पण चाळता चाळता एक जुना फोटो आला, बॉक्स उतरवायच्या दिवशीचा: माझा काळा हात, त्यात सेन्सरचे दोन्ही प्लग एकदमच उपसलेले. एकावरही टेप नाही. पोऱ्या काही बोलला नाही. फोटो पुढेही सरकवला नाही.

दर वायरीला चिठ्ठी लावायची, हा नियम मीच त्याला शिकवलेला.

दोन्ही सेन्सर दिसायला सारखे, प्लग सारखे, कुठलाही कुठंही बसतो. ओळखायला रंगाची खूण असते, पण इतक्या वर्षांच्या ऑइलनं दोन्ही एकाच रंगाचे झाले होते. मीटर लावला. दोघांचा रेझिस्टन्सही जवळपास तोच. म्हणजे दोन्ही जिवंत, आणि तरी कोण कुठला ते कळेना. मग मीटर एसी व्होल्टवर टाकला, एका सेन्सरच्या प्लगमध्ये सुया धरल्या आणि पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा वर चढला आणि जवळपास स्थिर राहिला. हा दातेवाला. दुसऱ्याला लावला. आकडा उडतोय, पडतोय, उडतोय, पडतोय. फेऱ्याला एकदा.

पिन जागेवर होती! मी तिथंच टायरला टेकून बसलो. बॉक्स खाली उतरणार नव्हता. दोन्ही सेन्सर बोलत होते, फक्त एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जात होतं. प्लगांची अदलाबदल केली. त्याला लागले दहा सेकंद. सेल्फ अर्धा फेरा फिरला असेल नसेल, आणि सहाच्या सहा सिलिंडर लागले.

बाई सव्वासहाला आल्या. मी आधी एक फेरी मारून आलो होतो. साठाच्या आसपास सीटखाली घरघर जाणवत होती. ती शाफ्टच्या मधल्या बेअरिंगची निघाली. ते थोडं पुढे ताणून बसवावं लागतं, मी नुसतं आवळलं होतं. तेवढ्यासाठी गाडी आणखी एक दिवस ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः चालवली. इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवलेला माणूस डावा पाय ब्रेकवर मारणार, म्हणून मी शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवला होता. त्यांनी दुसरा, तिसरा असे टाकले की रेस आणि क्लचची गाठ कुठं पडली ते कळलंही नाही. चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना तर त्यांनी मध्ये हलकी रेस देऊन गिअर जुळवून घेतला. हे कुठं शिकलात विचारलं, तर म्हणाल्या, "ट्रॅक्टरवर." मी हात काढून मांडीवर ठेवला.

एक गोष्ट मी आधीच सांगितली होती. जुन्या बॉक्सचा चौथा गिअर ०.७३ चा, नव्याचा पाचवा ०.८१ चा. हा आकडा, म्हणजे रेशो, जितका मोठा तितकं इंजिन जास्त फिरतं. म्हणजे मोठ्या रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन दर शंभर फेऱ्यांमागे अकरा जास्त फिरणार. आवाज वाढेल, पेट्रोल थोडं जास्त खाईल. खालच्या गिअरात तर त्याहून जास्त. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"अहो, शंभरला जरा जास्तच आवाज करते."

"डिफरन्शियलचा रेशो बदलता येतो, बाई. मग कमी होईल."

"नको नको," त्या म्हणाल्या, "मी चौथ्यातच चालवते."