तुम्ही विचारलंत म्हणून: टाकळ्याने गजकर्ण जातं का?

मृग लागला की हा प्रश्न येतोच. "अंगणात टाकळा माजलाय. त्याचा पाला गजकर्णावर चोळला तर जाईल का? की भाजी खाल्ली तरी पुरे?"

भाजी खाऊन गजकर्ण जात नाही. पाला चोळून थोडी खाज शमते. औषध आहे ते मुख्यतः बियांत, आणि तेही डाग नवा, लहान, रुपयाएवढा असेल तेव्हा. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्णच. चक्रमर्द हे दुसरं नाव त्या गोल चकत्यावरूनच आलेलं मानतात. बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्या गोतातली द्रव्यं असतात, ती बुरशीला मारक ठरतात. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर 'गोवा पावडर' लावत. ती मुळात ब्राझीलमधल्या एका झाडाची, पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आलेली. तिच्यातलं द्रव्यही याच घराण्यातलं. ती कातडीची आग करायची आणि कपड्यांवर डाग पाडायची. टाकळा तिच्यामानाने सौम्य आहे, पण कातडी नाजूक असेल तर तोही चुरचुरतो.

आधी रोप नीट ओळखा. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. पान टोकाकडे रुंद आणि गोलसर, देठाकडे निमुळतं. खालच्या जोडीतल्या दोन पानांच्या मधे पाहिलंत तर टाचणीच्या टोकाएवढी उभी ग्रंथी दिसते. दिवेलागणीला पानं मिटतात. शेंग वीतभर, बारीक आणि वाकडी.

कासविंदा याचाच भाऊबंद, पण त्याची पानं टोकदार, जोड्या चार-पाच, ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, शेंग चपटी. ही चूक महागात पडते. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुलं एका गूढ आजाराने दगावत होती. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला पडतो, हे २००७ साली डॉक्टरांनी पुढे आणलं. कासविंदाही जुन्या औषधांत आहे, पण घरगुती प्रयोगासाठी तो नव्हे. देशावर रस्त्याकडेला आणखी एक परदेशी तण माजतं, तेही लोक टाकळा म्हणून तोडतात. त्याच्या पानांवर तांबूस लव असते आणि आखूड शेंगांचे उभे झुबके येतात. तेही सोडून द्या.

आता लेप. दोन चहाचे चमचे वाळलेलं बी मिक्सरमधून भरड काढा. अख्खं बी भिजत घालू नका, त्याचं कवच इतकं टणक असतं की सकाळी जसंच्या तसं हाताला लागतं. भरड चार-पाच चमचे आंबट ताकात रात्रभर ठेवा. सकाळी ती फुगून बुळबुळीत झालेली असते, कारण बियांत डिंकासारखा पदार्थ भरपूर असतो. मग पाट्यावर गंधासारखी वाटा. लेप रोज ताजा करायचा.

बऱ्याच घरांत ताकाऐवजी लिंबाचा रस घालतात. तो टाळाच. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. लोक दोष टाकळ्याला देतात.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस वाट पाहा. आग झाली नाही तर डाग धुऊन, अगदी कोरडा करून लेप लावा, आणि डागाच्या कडेबाहेर बोटभर पुढेपर्यंत लावा. गजकर्ण मधून बरं होत बाहेर सरकतं, जिवंत बुरशी कडेलाच असते. फक्त मधे लेप लावणाऱ्यांचं वर्तुळ म्हणूनच वाढत जातं. अर्ध्या तासाने, लेप वाळून तडकायच्या आत धुवा. दिवसातून दोनदा. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात वाळवलेले. खाज थांबली म्हणून सोडू नका, डाग दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवा.

जांघ, चेहरा, डोकं, खाजवून सोललेली जागा आणि लहान मुलं यांना हा लेप नको. दोन आठवड्यांत कड सपाट झाली नाही, किंवा डाग तीन-चार ठिकाणी पसरलेत, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हल्लीचं गजकर्ण पूर्वीचं राहिलेलं नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमं लोक दुकानातून परस्पर आणून लावतात. खाज लगेच थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारी बुरशी आता आपल्याकडे सर्रास दिसते. तिच्यापुढे टाकळ्याचा लेप लावत बसणं म्हणजे वेळ दवडणं.

भाजी मात्र जरूर खा, भाजी म्हणून. कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो. पहिल्या पावसानंतरचे वीतभर रोपाचे कोवळे शेंडेच घ्या. फुलं आली की पाला कडवट आणि उग्र होतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजवून पिळा, पाणी टाका. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ किंवा आठळ्या, वर ओलं खोबरं. पोट साफ होतं, हे खरं आहे. ते क्रायसोफॅनॉलच्या गोतातल्या द्रव्यांमुळे. त्यामुळे पहिल्या वेळी वाटीभरच. जुलाब होत असतील तर, आणि गरोदरपणात, नकोच.

एक अडचण राहतेच. गजकर्ण बळावतं पावसाळ्यात आणि बी तयार होतं दिवाळीच्या सुमारास. म्हणजे लेपाला लागतं ते गेल्या वर्षीचं बी. शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी दव असतानाच कापा. ऊन चढल्यावर हात लावलात तर त्या तडकून बी मातीत जातं. कापडावर चार दिवस वाळवा, झोडपा, पाखडा. तिरकं कापल्यासारखं, चकचकीत तपकिरी बी राहील. ते काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर नाव लिहा, म्हणजे स्वयंपाकघरात चुकून कुणी ते मेथ्या समजणार नाही.