तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मशीनमध्ये का घातलंत?

‘उपचार नव्हताच ना, मग नुसत्या रिसर्चसाठी पोराला एमआरआयमध्ये का घातलंत?’ लग्नाच्या पंगतीत, फिजिओच्या बाकावर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे हे विचारून झालंय. चौथा मजला येईपर्यंत उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

सातव्या महिन्यात झाला, काचेत होता, सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर नीट ताबा नसणं; दोन्ही पाय ताठ. हे तुम्हाला ठाऊक आहे.

एमआरआय म्हणजे एक्स-रे नव्हे, त्यात किरणांचा त्रास नसतो. त्याला गुंगीचं औषधही दिलं नाही. संमतिपत्रावर ‘मुलाला थेट फायदा होणार नाही’ असं छापलेलं होतं, ते वाचूनच सही केली. सात वर्षांवरच्या मुलालाही तोंडी विचारावं लागतं, तसं त्यालाही विचारलं. हो म्हणाला. आता खरं सांगते: आठ वर्षांचं पोर, शेजारी आई बसलेली, ते नाही कशाला म्हणेल?

पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावरून चादर सोडून बोगदा केला. मोबाइलवर मशीनचा ठकठकाट लावायचा, तो आत पडून राहायचा, मी घड्याळ बघायची. दहा मिनिटं जमायला लागलं.

त्या दिवशी स्प्लिंट काढले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावला. पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्याच्या पहिल्या ठोक्याला तो दचकला, ही मुलं दचकतात तसा, अख्ख्या अंगानं. डोकं दोन-चार मिलिमीटर हललं तरी चित्र फिसकटतं. माइकवरून आवाज आला, ‘बाळा, अजिबात हलायचं नाही हं.’ परत सुरू. परत दचकला. तिसऱ्यांदा मशीन थांबल्यावर आतून म्हणाला, ‘आई, मी नाही हललो. पाय हलला.’

मी घोट्यावर हात ठेवून बसले होते. पुढच्या खेपेला तो पाय दाबून धरला. जरा जास्तच जोरात. बाहेर आला तेव्हा घोट्यावर माझ्या बोटांचे वळ होते.

स्कॅन बाद झाला. ज्याला स्थिर पडता येत नाही त्याचा मेंदू बघायचाय, आणि अट काय, तर स्थिर पड! मग ज्यांचं दुखणं सौम्य, त्यांचीच चित्रं जास्त उरतात. यावर मी तिथे भांडले, उपयोग झाला नाही.

मग मिळालं काय? मिळालं ते दुसऱ्यांच्या मुलांकडून. पाणी मेंदूतल्या तंतूंच्या दिशेनं जास्त सहज सरकतं, त्यावरून त्या तारांचा नकाशा काढतात. बाल्टिमोरच्या केनेडी क्रिगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये आणि पुन्हा 2009 मध्ये दिवस भरायच्या आत जन्मलेल्या अशा मुलांचे नकाशे काढले. हालचालीचा हुकूम खाली नेणाऱ्या तारांपेक्षा स्पर्शाची, पाय कुठे आहे याची खबर पोचवणाऱ्या तारांना मार जास्त बसलेला दिसला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘टाच टेकव, लक्ष कुठाय तुझं?’ असं मी वर्षानुवर्षं ओरडत होते. प्रत्येक पावलाआधी तो खाली बघायचा. मला वाटायचं, रागावले म्हणून मान खाली घालतोय. तो पाय शोधत होता.

पण हे तर त्याला आत न घालताही वाचता आलं असतं. हो, आलं असतं. तेव्हाची मी म्हणते, आत घातलं नसतंस तर वाचायला गेलीच नसतीस. म्हणू दे तिला. तिला वेगळंच हवं होतं. त्याच्या वेळी सातव्या महिन्यात रात्री कंबर दुखायला लागली, तेव्हा दवाखान्यात न जाता मी सकाळपर्यंत थांबले होते. दोन वर्षांचा असताना काढलेल्या एमआरआयवरून डॉक्टर म्हणाले होते, अशी इजा साधारण गरोदरपणाच्या 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यानची असते. आठवडे सांगितले, रात्र सांगितली नाही. मला त्याहून चांगलं चित्र हवं होतं, त्या रात्रीचं नाव न घेणारं.

आता तो तेरा वर्षांचा आहे. नव्या अभ्यासासाठी गेल्या महिन्यात फोन आला. या वेळी त्याची लेखी संमतीही लागते. फॉर्म त्याच्या टेबलावर आहे. परवा त्यानं एवढंच विचारलं, ‘पाय कोण धरणार?’