सान जोर्जोच्या पायऱ्यांवर

आज दुपारी व्हेनिसमधल्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर उतरले आणि चर्चसमोरच्या पायऱ्यांवर तासभर बसून राहिले. पलीकडच्या राजवाड्याची फिकट गुलाबी भिंत पाण्यात उतरली होती. एखादी बोट गेली की ती विस्कटायची आणि सावकाश पुन्हा जुळून यायची.

१९०८ च्या शरद ऋतूत सत्तरीकडे झुकलेले फ्रेंच चित्रकार क्लोद मोने पत्नी आलिससह येथे आले. हे शहर रंगवण्याच्या पलीकडे सुंदर आहे, असे म्हणत ते आधी चाचरले आणि तरीही दोन-अडीच महिन्यांत त्यांनी सदतीस चित्रे हाती घेतली, त्यांतली काही याच बेटावरून. १९११ मध्ये आलिस गेल्या. पुढच्या वर्षी पॅरिसला ती चित्रे मांडली गेली, हे आठवले आणि त्या धूसर निळ्या-जांभळ्या रंगांकडे मला निराळ्या नजरेने पाहावेसे वाटले.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांना मात्र पाण्यापेक्षा दगडाची ओढ होती. कमानी आणि स्तंभशीर्षे स्वतः मोजून, त्यांची रेखाटने करून त्यांनी १८५१ ते १८५३ या काळात या शहराच्या वास्तुकलेवर तीन खंड प्रसिद्ध केले. निघताना खालच्या पायरीवरचे हिरवे शेवाळ आणि खाऱ्या पाण्याने खरबरीत झालेली दगडाची कड मी बोटांनी चाचपून पाहिली.