पांढऱ्या सदऱ्याची अडचण

रविवार, रात्री

दुपारी नातीने मोबाइलवर एका जुन्या कृषी कार्यक्रमाची चित्रफीत लावली आणि विचारले, "आजोबा, तुमचे कार्यक्रम इतके संथ का असायचे?" दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वरळीचे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मी तिथे निर्मिती साहाय्यक म्हणून लागलो तेव्हा १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी, देशात आलेला रंग अजून नवलाईचा होता. कृष्णधवल काळात काम केलेली ज्येष्ठ मंडळी सांगत, की तेव्हा लाल पडद्यापुढे हिरव्या साडीतली बाई बसवली तर पडदा आणि पदर दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळून जात. रंग आला, तशी ती कटकट मिटली. पांढऱ्याची मात्र मिटली नाही.

आमचे कॅमेरे नळीचे होते, म्हणजे चित्र टिपायला त्यांच्या आत काचेची निर्वात नळी असे. त्या नळीला गडद आणि लख्ख या दोन टोकांमधले अंतर पेलत नसे. 'आमची माती आमची माणसं'साठी गावाकडून येणारा शेतकरी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार म्हणून नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा सदरा, स्वच्छ धोतर आणि पांढरी टोपी घालून येई. वर उन्हात रापलेला चेहरा आणि खांद्यावर काळे घोंगडे. एवढी सगळी टोके एका चौकटीत आली, की सीसीयूवरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचा उजेड-रंग सांभाळणाऱ्या नियंत्रण यंत्रावरचा, अभियंता कपाळाला हात लावी. कपडे सांभाळण्यासाठी त्याने भिंगाचे छिद्र बारीक केले की चेहरा काळाठिक्कर पडे, आणि चेहरा उजळला की सदऱ्याची घडी, गुंडी, शिवण सगळे विरघळून नुसता पांढरा डाग उरे. "आबा, दुसरा सदरा आणलाय का?" असे अदबीने विचारावे लागे. "साहेब, ह्योच तर चांगला हाय, मुद्दाम ठेवणीतला काढलाय," असे उत्तर आले की पुढे काय बोलणार? मग रंगभूषेच्या खोलीतून कुणाचे तरी फिकट बदामी जाकीट यायचे, ते सदऱ्यावर चढवले जायचे, टोपीवर पडणारा दिवा जाळी लावून मंद केला जायचा आणि मुलाखत सुरू व्हायची. त्या काळच्या कार्यक्रमांत शेतकरी जाकिटात दिसले, तर ती हौस त्यांची असेलच असे नाही.

नथीचेही तसेच. दिव्याची तिरीप नथीच्या मोत्यावर पडली आणि बाईंनी मान वळवली, की पडद्यावर त्या चमकेची शेपटी मागे ओढली जाई. म्हणून रंगभूषाकार नथीवर आणि ठुशीवर चक्क पावडर फासत.

आता संथपणाविषयी. आमचे संकलन यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटच्या पाऊण इंची फितीवर चाले. एका यंत्रावर मूळ फीत, दुसऱ्यावर नवी. दोन्ही काही सेकंद मागे नेऊन एकदम सोडायच्या आणि ठरल्या क्षणी नोंद सुरू करायची. तयार झालेल्या कार्यक्रमाच्या मध्ये एक मिनिट वाढवायचे, तर त्यापुढचे सगळे संकलन पुन्हा करायचे किंवा फितीची प्रत काढायची, आणि प्रतीची प्रत काढली की रंग कडेने फुटू लागत. त्यामुळे कुठे काय कापायचे हे आम्ही चित्रमुद्रणाआधीच ठरवत असू. विनायक चासकरांच्या 'गजरा'सारख्या नाट्यछटांच्या कार्यक्रमात नटांची तालीम पक्की असे, म्हणून सलग प्रवेश घेणे जमत असे. मुलाखतीत ती सोय नव्हती. पाहुण्याला त्याच्या गतीने बोलू द्यायचे आणि पॅनलवर बसून तीन कॅमेऱ्यांमधून तिथल्या तिथे चित्र निवडायचे.

तरीही कापावे लागेच. त्यासाठी मुलाखत संपल्यावर मुलाखतकाराला एकट्यालाच कॅमेऱ्यापुढे बसवून माना डोलावायला लावत असू. गंभीर होकार, कौतुकाचे हसू, थोडे आश्चर्य. हे तुकडे जोड झाकायला कामी येत. समोर कुणीही बोलत नसताना हा गृहस्थ अचंबित का होतो आहे, हे पाहुण्याला काही केल्या कळत नसे. तो भाबडेपणाने विचारी, "माझं काही चुकलं का?" खरे सांगायचे तर त्या खोट्या होकारांचा मला कधी विषाद वाटला नाही, पाहुण्याचे वाक्य मध्येच तुटलेले दिसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पुढे नळीऐवजी चिप असलेले कॅमेरे आले, आणि पांढरे व काळे एका चौकटीत पुष्कळ बरे दिसू लागले. तरी कलाकारांना जाणाऱ्या निमंत्रणपत्रात "कृपया पांढरे कपडे टाळावेत" ही ओळ आम्ही कित्येक वर्षे तशीच टंकलिखित करत राहिलो.